जपानी कार्टूनमधले लातूर

"आबा, किल्लारीच्या भूकंपानंतर तुम्ही तिथल्या शाळेवर होता ना? मग आम्हांला कधी काहीच कसं सांगितलं नाही?"

दिवाळीच्या चार दिवसांच्या सुटीत लातूरहून नांदेडला आलेल्या नातीने हा प्रश्न विचारला, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ती लातूरला राहून वैद्यकीय प्रवेशाची तयारी करते. हे तिचे दुसरे वर्ष. शिकवणीवाल्यांच्या भाषेत 'रिपीटर'. पुस्तकातून मान वर काढायला तिला सवड नसते, अशी आम्हां घरच्यांची समजूत. परंतु तिच्या मोबाइलमध्ये जपानी चित्रपटांचा साठाच निघाला आणि त्यांतला 'सुझुमे' नावाचा एक तिने मला हट्टाने शेजारी बसवून दाखवला. खाली उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचायला मला वेळ लागे, म्हणून ती मधूनमधून चित्र थांबवी आणि मराठीत सांगे. चित्रपट संपला आणि तिने वरचा प्रश्न टाकला.

मी उत्तर दिले नाही. 'उशीर झाला, झोप आता' असे काहीतरी पुटपुटलो आणि दिवा मालवला. झोप मात्र मलाच आली नाही. जी गोष्ट या पोरीने अठरा वर्षांत कधी विचारली नाही, ती विचारायला तिला जपानचे कार्टून का लागावे?

आपल्या घरांत जपानी कार्टून शिरले ते मुळी जपानी म्हणून शिरलेच नाही. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागत असे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. मोगली आपल्या जंगलातला, गाणे गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. मग ती मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली काढलेली आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार? पुढे २००५ साली 'हंगामा' वाहिनीवर डोरेमॉन आला. निळ्या रंगाचे, कान नसलेले यांत्रिक मांजर आणि शाळेत शून्य मार्क मिळवणारा चष्मेवाला नोबिता. तो हिंदीत बोलत असल्यामुळे नांदेडची मुले एकाएकी वेगळीच हिंदी बोलू लागली. आमच्या नांदेडची हिंदी दख्खनी वळणाची, हैदराबादच्या वाऱ्याची. तिच्यात ही 'मम्मी, मुझे भूख लगी है' छापाची गुळगुळीत हिंदी ऐकून आमचे शेजारी खाँसाहेबही हसत. बांगलादेशात तर २०१३ साली सरकारने हा कार्यक्रम बंदच केला. मुले बंगालीऐवजी हिंदी बोलू लागली, ही त्यांची तक्रार. शिनचॅन या दुसऱ्या एका वात्रट पोराला आपल्याच केंद्र सरकारने २००८ साली पडद्यावरून काही काळ घालवून दिले होते.

तेव्हाची लहान मुले आता नोकरीधंद्याला लागली आणि त्यांची आवडही वाढत्या वयाबरोबर वाढली. २०१९ साली माकोतो शिंकाई या दिग्दर्शकाचा पावसावरचा चित्रपट भारतातल्या चित्रपटगृहांत यावा, म्हणून हजारो भारतीय तरुणांनी सह्यांचा अर्ज केला आणि तो खरोखरच आला. त्याचाच 'सुझुमे' २०२३ च्या एप्रिलमध्ये आला. २०२५ च्या सप्टेंबरात 'डेमन स्लेयर'ला देशभर गर्दी लोटली. आपण वडीलधारी माणसे मात्र अजून दोनच वाक्ये म्हणत बसलो आहोत. एक, हा वेळेचा अपव्यय आहे. दोन, याने संस्कार बिघडतात. मीही तेच म्हणत होतो, हे कबूल करून पुढे जातो.

जपानी माणूस मोठा अबोल. मनातले तोंडावर येऊ न देणे हा तिथे शिष्टाचार मानला जातो. मग इतक्या अबोल समाजाचे मनातले जाते कुठे? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ते राक्षसांच्या, भुतांच्या आणि यांत्रिक मांजरांच्या गोष्टींत जाते. १९४५ साली दोन शहरांवर अणुबाँब पडले. अमेरिकेचा अंमल १९५२ पर्यंत होता आणि त्या काळात अणुबाँबविषयी मोकळेपणाने छापायला बंदी होती. अंमल उठला. १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली, तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडून कोळी आजारी पडले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'गॉड्झिला' पडद्यावर आला. चाचण्यांनी जागा झालेला, समुद्रातून वर येऊन टोकियो तुडवणारा प्राणी. लोकांनी तो पाहिला तो पोरखेळ म्हणून नव्हे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आपली शहरे जळताना पाहिली होती, आणि त्याविषयी बोलायला त्यांना आता कुठे एक निमित्त मिळाले होते.

हे सूत्र हाती आले की साधा डोरेमॉनही वेगळा दिसू लागतो.

ही चित्रकथा सुरू झाली १९६९ च्या डिसेंबरात आणि ती छापली जात होती शाळकरी मुलांच्या इयत्तावार शैक्षणिक मासिकांत! म्हणजे जी मासिके मुलांनी अभ्यास करावा म्हणून पालक विकत घेत, त्यांतच शून्य मार्कवाल्या मुलाची गोष्ट. जपान त्या वेळी झपाट्याने श्रीमंत होत होता. चांगले विद्यापीठ म्हणजे चांगली कंपनी, चांगली कंपनी म्हणजे जन्माची ददात मिटली, असे समीकरण घट्ट झाले होते. शाळा सुटली की मुले 'जुकू'ला जात. जुकू म्हणजे खाजगी शिकवणी. प्रवेशपरीक्षांच्या त्या काळाला जपान्यांनीच 'परीक्षा-नरक' हे नाव दिले आहे. रोज चार तास झोपेल तो पास, पाच तास झोपेल तो नापास, अशी म्हणच तिथे होती. एक वर्ष नापास होऊन पुन्हा बसणाऱ्याला ते 'रोनिन' म्हणतात. रोनिन म्हणजे धनी नसलेला, वणवण भटकणारा सामुराई. माझ्या नातीला हा शब्द ठाऊक होता. 'आबा, रिपीटरपेक्षा बरा आहे,' ती म्हणाली.

डोरेमॉन कशासाठी येतो, हे किती पालकांना ठाऊक आहे? नोबिता परीक्षेत नापास होणार, नोकरी मिळणार नाही, धंदा काढील तो बुडणार आणि त्याचे कर्ज पणतू-खापरपणतूंना फेडावे लागणार. ते कर्ज टळावे म्हणून बाविसाव्या शतकातला त्याचा वंशज हे मांजर मागे पाठवतो! कर्जाचे ओझे पिढ्यान्पिढ्या वाहण्याची गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला निराळी समजावून सांगायला नको. आमच्याकडे शेत विकून, गहाण ठेवून पोराला लातूरला धाडतात, ते याच भीतीपोटी. पुढच्या पिढीने तरी हे वाहू नये.

या मांजराच्या खिशातली एक चीज मला फार आवडते. तो एक पाव असतो. तो पुस्तकाच्या पानावर दाबायचा, पानावरचा मजकूर पावावर उमटतो, आणि पाव खाल्ला की मजकूर पाठ. नोबिता परीक्षेच्या आदल्या दिवशी पावावर पाव खात सुटतो. मग व्हायचे तेच होते. पोट बिघडते, सगळे बाहेर पडते आणि पाठ केलेलेही त्याबरोबर जाते.

लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी गेल्या शतकाच्या शेवटी जो 'लातूर पॅटर्न' उभा केला, त्याची मी थट्टा करीत नाही. मागासलेला म्हणून हिणवल्या गेलेल्या या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी पुण्या-मुंबईच्या मुलांना गुणवत्ता यादीतून खाली ढकलले, तो दिवस आम्ही शिक्षकांनी पेढे वाटून साजरा केला होता. सराव, पुन्हा सराव, चाचणी, चाचणीची चिकित्सा. शिक्षकही मुलांइतकेच राबत. त्या यादीचे दिवस गेले. आता सगळे येऊन ठेपले आहे ते 'नीट'च्या एका दुपारवर, आणि लातूरच्या उद्योग भवन परिसरात काय किंवा नांदेडच्या भाग्यनगरात काय, शिकवणीचे फलक घरांपेक्षा मोठे झाले आहेत. खोल्या, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने, सगळे त्याच्याच आधाराने. २०२४ साली पेपरफुटीच्या देशव्यापी तपासात लातूरचेही नाव आले, तेव्हा आमच्या पिढीच्या मास्तरांना मान खाली घालावी लागली. पावावर पाव खाऊ घालणारे आम्हीच ना!

नोबिताची गंमत अशी की तो शेवटपर्यंत हुशार होत नाही. मांजर दरवेळी त्याला काहीतरी देते, तो त्याचा बट्ट्याबोळ करतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच उठतो. आई रागावते, पण जेवायला वाढते. जो समाज शून्य मार्काच्या मुलाला प्रत्यक्षात कुठेच जागा देत नव्हता, त्याने त्याला गोष्टीत पन्नासहून अधिक वर्षे सांभाळले आहे. आमच्या गल्लीत एखादा मुलगा सलग दुसऱ्यांदा राहिला, तर त्याच्या घरी आपण कोणत्या आवाजात चौकशी करतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आणखी एक बारीकशी गोष्ट. नोबिता आणि त्याचे मित्र एका मोकळ्या प्लॉटवर खेळतात, तिथे सिमेंटचे तीन मोठे पाइप पडलेले असतात. वाढत्या टोकियोतले असले रिकामे प्लॉट पुढे नाहीसे झाले. ते आता कार्टूनमध्येच उरले आहेत. आमच्या तरोड्याकडे दहा वर्षांपूर्वी असे कितीतरी प्लॉट होते आणि त्यांवर अस्सेच पाइप पडलेले असत. असो.

हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे' या २००१ सालच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, म्हणून त्याचे नाव तरी आपल्या कानांवर असते. दहा वर्षांची चिहिरो आईबापांबरोबर एका ओसाड जागी येते. बाप सांगतो, ही भरभराटीच्या काळात बांधलेली आणि पुढे बुडालेली करमणुकीची बाग असावी. नव्वदीच्या सुरुवातीला जपानचे जमीनजुमल्याचे आणि शेअरचे भाव कोसळले, त्या फुग्याचे हे अवशेष. आईबाप तिथले मांडून ठेवलेले अन्न अधाशासारखे खातात आणि त्यांची डुकरे होतात. मुलीला देवांच्या न्हाणीघरात मोलमजुरी करून त्यांना सोडवावे लागते. म्हणजे वडिलांनी खाल्ले आणि मुलीने फेडले. त्या न्हाणीघरात एक दुर्गंधी सुटलेला देव येतो. त्याच्या अंगात रुतलेली एक सायकल सगळे मिळून ओढतात, तर तिच्यामागून घाणीचा डोंगर बाहेर पडतो आणि ध्यानात येते की ही तर नदी आहे. नांदेडच्या घाटावर उभे राहून गोदावरीत मिसळणारे नाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य समजायला इंग्रजी अक्षरांची गरज पडणार नाही. चिहिरोचा मित्रही एक नदीच असतो, पण तिच्यावर भराव घालून घरे बांधली गेल्यामुळे त्याला परत जायला जागा उरलेली नसते.

याच चित्रपटात पाण्यावरून शांतपणे धावणारी एक आगगाडी आहे. ती पाहून जगातले रसिक मोहून जातात. आम्ही लातूरकर मात्र सहज मोहून जायचे नाही. त्यांच्या गोष्टीत पाण्यावरून आगगाडी धावते. आमच्याकडे आगगाडीतून पाणी धावले! २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली गाडी लातूरला आली. त्याआधी पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. हे सारे एखाद्या चित्रकाराच्या हाती पडले असते तर? आपल्याकडे त्याची बातमी झाली, छायाचित्रे झाली, श्रेयाची भांडणे झाली आणि पुढच्या पावसाळ्यात आपण ते विसरलो.

आता 'सुझुमे'कडे येतो, कारण माझी झोप उडवली ती त्यानेच.

सतरा वर्षांची सुझुमे क्यूशू बेटावर मावशीजवळ राहते. तिची आई नाही. जपानभर पसरलेल्या ओसाड जागांत काही दारे उघडी राहिली आहेत आणि त्यांतून एक अजस्र, लाल गांडूळ बाहेर पडू पाहते. ते आकाशात उठून जमिनीवर आदळले की भूकंप. दार लोटून त्याला कुलूप घालणे हे एका तरुणाचे पिढीजात काम, आणि सुझुमे त्याच्यासोबत निघते. बंद पडलेली गरम पाण्याच्या झऱ्यांची वसाहत, दरडीखाली गेलेली शाळा, गंजलेला पाळणा असलेली बाग. हे गांडूळ आकाशातून पडलेले नाही. जमिनीखाली एक प्रचंड मासा आहे, एका देवाने त्याला दगडाखाली दाबून धरले आहे आणि देवाची नजर चुकली की तो शेपूट हलवतो, ही जपानची जुनी लोकसमजूत. १८५५ च्या एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या भूकंपानंतर त्या माशाची चित्रे बाजारात धडाधड विकली गेली होती. आमच्या आजीचा शेषनाग आणि हा मासा सख्खे चुलतभाऊच म्हणायचे.

शहरे सहज निवडलेली नाहीत. मुलगी कोबेला जाते. तिथे १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे सहा हजारांहून अधिक माणसे गेली. टोकियोला जाते, तिथे १९२३ साली लाखभर गेली. आणि शेवटी ती आपल्या गावी, ईशान्य किनाऱ्यावर पोचते, जिथे ११ मार्च २०११ ला आधी भूकंप आणि मग समुद्र आला. तिची आई त्यातच गेलेली असते. तिथे तिला आपली लहानपणची रोजनिशी सापडते. त्या तारखेपासून पुढची पाने काळ्या रंगाने खरडून भरलेली.

मला सर्वांत लागली ती कुलूप घालण्याची रीत. नुसती किल्ली फिरवून दार लागत नाही. डोळे मिटून त्या जागी पूर्वी राहिलेल्या माणसांचे आवाज ऐकावे लागतात. गप्पा, हाका, मुलांचा गोंगाट. ते ऐकू आले तरच कुलूप लागते. शेवटच्या दाराशी सुझुमेला ऐकू येतात त्या दिवशी सकाळी घराबाहेर पडलेल्या माणसांचे निरोप. जपानी माणूस घरातून निघताना 'इत्तेकिमासु' म्हणतो. नातीने चित्र थांबवून अर्थ सांगितला, "आबा, म्हणजे 'जाऊन येतो'." आपल्याकडेही 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्या सकाळी कितीजण 'येतो' म्हणाले असतील.

शिंकाई यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की नवे बांधताना आपण जमिनीची पूजा करतो, पण एखादी जागा संपते तेव्हा काहीच विधी करीत नाही, हे त्यांना खटकत होते. आपलेही तसेच. भूमिपूजन आहे, वास्तुशांत आहे. गाव सोडताना काय करायचे ते कोणत्याच पोथीत नाही. जपानची लोकसंख्या २००८ पासून ओसरते आहे आणि २०२३ च्या गणनेत तिथे सुमारे नव्वद लाख घरे रिकामी निघाली. म्हणून तिथल्या कथेला ओसाड दारे सुचली. आम्हांला ती सुचायला हवी होती त्याच्या कितीतरी आधी.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक झोपले होते. घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच छप्पर अंगावर आले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावे साफ बसली आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आम्ही शाळेत शिकवत आलो होतो की दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग. भूकंपाच्या नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होते. २००२ साली तो नकाशा बदलला, तोवर आम्ही पाठ्यपुस्तकातले वाक्य गिळून टाकले होते.

मी त्या वेळी जिल्हा परिषदेचा शिक्षक. दुसऱ्या महिन्यात माझी नेमणूक अशाच एका गावाच्या पत्र्याच्या शेडमधल्या शाळेवर झाली. बत्तीस मुले होती. पत्र्याचे छप्पर, हलके, पडले तरी फार लागणार नाही. तरीही दाराजवळच्या जागेसाठी मुलांची रोज भांडणे होत. मी वयाप्रमाणे ओळी लावून दिल्या आणि भांडणे मिटवली, असे मला वाटले. आम्हां शिक्षकांत न बोलता ठरून गेले होते की 'तो' विषय काढायचा नाही. मुलांनी विसरावे, हाच हेतू. एकदा तिसरीतला एक मुलगा फळ्याशी उभा असताना एकदम आपल्या आजीविषयी सांगू लागला. आजी आत होती आणि हाका मारत होती, इथवर तो आला. मी म्हणालो, "राहू दे ते बाळा, तू सतराचा पाढा म्हण." त्याने म्हटला. न चुकता म्हटला. मी त्याला शाबासकी दिली. आम्ही दुष्ट नव्हतो हो. आम्हांला तेवढेच येत होते.

पुढे गावे नव्या जागी गेली. आखीव रस्ते, चौकोनी घरे. जुन्या जागी ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळी माजल्या. दर वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाशी मानवंदना होते, पुष्पचक्र वाहिले जाते. अहवाल झाले, पुनर्वसनावर प्रबंध झाले. नाही झाली ती एक गोष्ट, जी दहा वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन सांगता येईल.

जपानच्या आरतीच ओवाळायच्या आहेत, असा माझा हेतू नाही. तिथली कितीतरी कार्टूने खेळणी खपवण्यासाठीच निघतात, आणि मारामारीने भरलेली तर शेकड्यांनी आहेत. मनातले सगळे गोष्टीत ओतून खोलीत कोंडून घेणारी माणसेही त्याच समाजात आहेत. २०२३ च्या सरकारी पाहणीत अशांची संख्या साडेचौदा लाखांच्या घरात निघाली. शिवाय अणुबाँबचे आणि उपासमारीचे दुःख त्यांनी जितके रेखाटले, त्याच्या मानाने चीन-कोरियात जपानी सैन्याने दिलेले दुःख फारच थोडे. स्वतःचे व्रण दाखवणे सोपे, दुसऱ्याला दिलेले अवघड. ही अपूर्णता ध्यानात ठेवूनही असे म्हणावे लागते, की स्वतःचे तरी त्यांनी दाखवले.

आणि ही कला आपल्याला परकी होती असेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली काड्यापेटीतल्या काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. जपानमधली पहिली चलत्-चित्रे १९१७ ची. म्हणजे दोन वर्षे आपण पुढे होतो! आमच्या पिढीने 'चांदोबा'तले वेताळ आणि राक्षस झोप उडेस्तोवर वाचले. अद्भुताचे आपल्याला वावडे नाही. पण आपले अद्भुत नेहमी कुठल्यातरी राजाच्या नगरीत घडते. औसा तालुक्यात ते कधी घडत नाही. उमरगा स्टँडवर वेताळ उतरत नाही. मग औशाच्या पोरीला आपली गोष्ट सापडते ती क्यूशूत.

दिवाळी संपली. नातीला लातूरच्या गाडीत बसवायला मी नांदेडच्या स्टँडवर गेलो. गाडी लागायला वेळ होता. तिने विचारले, "आबा, ते जुनं गाव मला दाखवाल? तुमच्या शाळेचं?"

"परीक्षा झाल्यावर जाऊ," मी सवयीने म्हणालो.

ती काही बोलली नाही. खिडकीतून हात हलवून "येते" म्हणाली आणि गाडी निघाली. घरी परतताना ऑटोमध्ये मला माझेच वाक्य ऐकू येत राहिले. बत्तीस वर्षांपूर्वीचे आणि हे, दोन्ही एकाच आवाजातले होते. रात्री तिला फोन केला. येत्या रविवारी तिची चाचणी बाराला संपते. मी सकाळच्या गाडीने लातूर गाठीन. तिथून औसा, लामजना आणि किल्लारी, एस.टी.ने जेमतेम दीड तास. पुढे गावापर्यंत वाहन मिळाले तर ठीक, नाहीतर चालू. तो सतराच्या पाढ्याचा मुलगा आता चाळिशीचा असेल. तो तिथे आहे का, याची चौकशी करायला मी एका जुन्या सहकाऱ्याला सांगून ठेवले आहे.